कागदावरचा गोब्रा

नाटे बंदरातल्या भिकाजी डोर्लेकरने खरं बोलून कुणाचं नुकसान केलंय, असं एकही उदाहरण गावात नव्हतं. खोटं मात्र तो मन लावून बोलायचा. त्याच्या गळाला म्हणे एकदा असा शिंगाळा लागला होता, की त्याच्या मिशांचा दोर वळून भिकाजीने दोन पावसाळे होडी बांधून ठेवली. गावाला हे पाठ होतं आणि तरी गाव पुन्हा ऐकायला बसायचं.

पण त्याचं एक खोटं मौजेचं नव्हतं, पोटाचं होतं.

नाट्यासमोर दर्यात, कोसभर आत, पाण्याखाली खडकांचं एक खडप होतं. वरून पाहिलं तर नुसतं पाणी. दीपगृहाची मान सड्यावरच्या वडाच्या पोटाशी आली आणि दक्षिणेला किनाऱ्याच्या एका टोकामागून दुसरं टोक बोटभर बाहेर डोकावलं, की समजायचं, आपण खडपाच्या डोक्यावर आहोत. ह्या खुणा भिकाजीला बापाने मरायच्या आठ दिवस आधी सांगितल्या, त्याही घरातली सगळी माणसं अंगणात काढून. तेव्हापासून तीस वर्षं भिकाजीची चूल त्या खडपावर पेटत होती. दोन मुली तिथल्याच तांबोशी मासळीवर उजवल्या.

बाकीचे गळवाले काही आंधळे नव्हते. भिकाजीची होडी कुठे थांबते ते त्यांना दिसायचं. म्हणून भिकाजीने तिथे एक गोब्रा सोडला, कपारीत राहणारा दांडगा मासा. होडीएवढा लांब, अंगावर शेवाळ, डोळा परातीएवढा. भिकाजीचा नांगर एकदा त्याने गिळला आणि होडी उलटी ओढत पार आंबोळगडापर्यंत नेली. हा गोब्रा भिकाजीने एका दुपारी भाकरी खाता खाता बनवला होता. लोक हसले. पण हसता हसता त्यांच्या होड्या अर्धा कोस लांब राहायला लागल्या, आणि भिकाजीला तेवढंच हवं होतं.

चौऱ्याऐंशी साली, दिवाळी उलटून गेल्यावर, एका सकाळी भिकाजी आणि त्याचा मेव्हणा केरू खडपावर गळ टाकून गरवत बसले होते. केरू पन्नाशीचा, बोलायला कमी, पण बोलला की टोचणारा. त्याने पश्चिमेकडे हनुवटी केली.

"भावजी, तो पांढरा डोंगर काल हुता काय तिथं?"

डोंगर नव्हता, जहाज होतं. पांढरंशुभ्र, कमरेला निळा पट्टा, पाठीमागे लोखंडी कमान. मासळीचं संशोधन करणारं सरकारी जहाज किनाऱ्याने फिरतंय, हे बंदरावर चार दिवस ऐकू येत होतं. ते शेतात नांगर चालवावा तसं चाललं होतं. सरळ जायचं, वळायचं, शेजारून पुन्हा सरळ यायचं. आणि प्रत्येक फेरी भिकाजीच्या खडपाकडे सरकत होती.

"गळ ओढ," भिकाजी म्हणाला. "आपण इथं नुसते बसलोत."

"भर दर्यात?"

"हवा खायला."

जहाज आलं आणि ऊन गेलं. त्याच्या सावलीत होडी म्हणजे कुणाची तरी वहाण पाण्यात पडल्यासारखी झाली. यंत्राची घरघर पाण्यातून होडीच्या फळीत आणि फळीतून भिकाजीच्या दातांत शिरली. वर कठड्याशी एक तिशीची बाई उभी होती. सुती साडी, पदर खोचलेला, कानामागे पेन्सिल.

"आजोबा, इथं पाणी किती वाव खोल असेल?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"बारा," भिकाजी म्हणाला. "जरा पुढं जाशील तर नऊ."

त्याने जीभ चावली. तीस वर्षांत ह्या जागेबद्दल कुणी त्याला साधा सरळ प्रश्न विचारला नव्हता, आणि सवय नसल्यामुळे खरं उत्तर निसटलं होतं.

"भावजी," केरू हळूच म्हणाला, "ताप नाय ना तुमाला?"

बाई आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि तिच्यामागून दोराची शिडी खाली आली. "वर या. हे तुम्ही बघायलाच हवं."

केरूला होडीत ठेवून भिकाजी वर चढला. बाईचं नाव दमयंती, रत्नागिरीच्या मत्स्य कॉलेजात शिकवायची आणि ह्या फेरीपुरती जहाजावर आली होती. तिने त्याला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. भिंतीवर कपाटाएवढं यंत्र, त्यातून कागदाची पट्टी हळूहळू सरकत होती, आणि एक सुई खालीवर होत कागद जाळत जात होती. केस जळल्यासारखा वास. कागदावर खाली एक जाड काळी रेघ.

"ही रेघ म्हणजे दर्याचा तळ," दमयंती म्हणाली. "जहाज आवाज सोडतं. तो तळाला आपटून परत येतो, आणि सुई तो लिहिते. तुम्ही बारा म्हणालात, बघा, बाराच आले."

रेघ वर चढू लागली. आणि भिकाजीच्या उजव्या हाताचं बोट आपोआप वाकलं, जसं गळाच्या दोरीवर वाकायचं.

"आता नवावर जाईल," तो म्हणाला. रेघ नवावर गेली. "आता घळ येईल. उभी. पंधरा वाव." सुई धाडकन खाली गेली. "मग दुसरा उंचवटा. पयल्यापेक्षा बुटका, दर्याकडं कलता."

कागदावर बुटका उंचवटा उमटला, आणि तो दर्याकडे कलता होता.

दारात कप्तान येऊन उभा होता. त्याने टोपी काढली आणि हिंदीत विचारलं, ह्या माणसाकडे कुठलं यंत्र आहे.

"तुम्हाला कसं कळतं, आजोबा?" दमयंतीने विचारलं.

"बोटाला कळतं बाय. दोरीतून."

असं म्हणाला खरा, पण त्याचं लक्ष कागदावर होतं. तीस वर्षं त्याने ते खडप आंधळ्यासारखं चाचपलं होतं, बापाने त्याआधी चाळीस. दोघांपैकी कुणीही ते पाहिलं नव्हतं. आज ते समोर होतं, सगळंच्या सगळं, आणि अगदी जिथे असावं असं बोट म्हणत होतं तिथेच. भिकाजीने नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

मग त्याला भान आलं. "ह्या कागदाचं काय करणार गो?"

"नकाशावर घालणार. छापून सगळ्या बंदरांवर जाईल."

नाट्यापासून हर्ण्यापर्यंतचे यांत्रिक जाळेवाले भिकाजीला डोळ्यांसमोर दिसले. "त्यात घालण्यासारखं काय नाय," तो घाईने म्हणाला. "नुसता फत्तर. मासा औषधाला नाय. मी आपला वाऱ्याला बसतो."

दमयंतीने उंचवट्यावरच्या काळ्या ठिपक्यांवर पेन्सिल टेकवली. मिरपूड सांडावी तसे होते. "हे काय मग? वारा?"

यंत्रापुढे खोटं चालेना, असा प्रसंग भिकाजीवर प्रथमच येत होता.

तेवढ्यात जहाज वळून पुन्हा घळीवर आलं, अगदी सावकाश. सुई घळीत उतरली आणि घळीतून काहीतरी वर निघालं. ठिपके नव्हते. एकसंध, काळंकुट्ट, लांब. रेघेपासून ते सुटलं, मधे पांढरा कागद दिसू लागला, आणि ते चढतच राहिलं. तेरा वाव, अकरा, आठ. कप्तानाने जहाजाचं इंजिन बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. फक्त सुईचा टकटक आवाज. जहाज उभं, आणि जहाजाच्या पोटाखाली आठ वावांवर ते उभं. बराच वेळ ते तसंच राहिलं, वर कोण आलंय ते बघत असल्यासारखं. मग सावकाश उतरलं आणि घळीत मिटलं.

दमयंतीने जहाज थांबायच्या आधीची खूण पट्टी लावून मोजली, जहाजाच्या तेव्हाच्या वेगाने गुणलं, पुन्हा मोजलं. "थवा असेल," ती म्हणाली. "दाट थवा. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर एकच. साडेतीन वाव लांब."

भिकाजीची होडी साडेतीन वाव होती. तो खाली बसला. आपण जे भाकरी खाता खाता बनवलं, ते आपल्या आधीपासून तिथं होतं की काय, हे त्याला कुणाला विचारायचं ते कळेना.

कप्तानाचे डोळे चमकत होते. जाळं टाकून बघू, तो म्हणाला.

आता मात्र भिकाजी उठला. "साहेब, घळीत कपारी हायत. माझे शंभरेक गळ तिथं अडकलेत, दोन नांगर. तुमचं जाळं वर येणार नाय." ह्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. कप्तानाने कागद पाहिला, मग भिकाजीचं वाकलेलं बोट पाहिलं, आणि मान हलवली. जाळं जागेवरच राहिलं.

दमयंतीने वहीत लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. "तळ खडकाळ, जाळ्यास अयोग्य. मोठी खूण दिसली, ओळख पटली नाही."

"म्हणजे जाळेवाले येणार नायत?"

"नकाशा बघणारा कुणी येणार नाही."

"आणि गळवाले?"

"तुमचे गळवाले नकाशा बघतात का, आजोबा?"

नकाशा ते बघत नव्हते. पण आज त्यांनी जहाज बघितलं होतं. सरकारी जहाज अर्धा तास भिकाजीच्या जागेवर उभं राहिलं, भिकाजी वर चढला, हे नाट्याच्या सगळ्या होड्यांनी पाहिलं होतं. उद्या दहा होड्या तिथे लागल्या तर अडवायची कशी, ह्याच काळजीत तो किनाऱ्याला आला.

बंदरावर मासळीचा लिलाव त्याच्यासाठी थांबला होता.

"काय रे भिकाजी," शिवा पुढे आला, जो त्याच्या सगळ्या गोष्टींना सगळ्यात मोठ्याने हसायचा. "काय दाखवलं सरकारने?"

भिकाजीने तोंड उघडलं. तिथे नेहमी काहीतरी तयार असायचं.

"काय नाय," तो म्हणाला.

"अरे पण जहाज का थांबलं?"

"थांबलं." त्याने टोपली यमुनाबाईच्या पुढ्यात ठेवली. "ह्या तांबोशा घे."

यमुनाबाई मासळी विकता विकता म्हातारी झाली होती आणि भिकाजीचं तोंड तिने पोरवयापासून पाहिलं होतं. तिने टोपलीकडे पाहिलंच नाही. "केरू," ती म्हणाली, "ह्याला काय झालं?"

"मला म्हायत नाय. खाली उतरल्यापासून असाच हाय. मी विचारलं वर काय बघितलंत, तर हात पसरले, आणि पुरेनात म्हणून खाली घेतले."

कुणी हसलं नाही. शिवाने टोपी सारखी केली. लिलाव पुन्हा सुरू झाला, पण दबक्या आवाजात, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी होड्या अर्धा कोस नाही, कोसभर लांब राहिल्या. पुढेही तशाच. खडप भिकाजीला राहिलं. तो रोज जायचा, उंचवट्यावर नऊ वावांत गळ सोडायचा, पोटापुरतं मिळालं की निघायचा. घळीत मात्र त्याने परत गळ टाकला नाही.

"तिकडं सोडा की," केरू एकदा म्हणाला. "घोळ मासळी तिकडंच लागते."

"नको," भिकाजी म्हणाला. "बिऱ्हाड हाय तिथं."

केरूने वल्ही उचलली आणि आवाज न करता पाण्यात घातली.