दोन ताटांची षष्ठी

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याच्यावर एकाच दुपारी दोन सासवांच्या हातचं जेवायची वेळ आली नसणार. पूर्णेंदु दत्त जगद्दलच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढला तेव्हा त्याच्या पोटात मैद्याच्या पुऱ्यांसारख्या बारा लुच्या, रोहूचं डोकं घातलेली डाळ, मटण, दोन हिमसागर आंबे आणि न मोजलेल्या मिठाया होत्या. आणि गंगेच्या पलीकडे, चंदननगरात, आणखी एक ताट त्याच्यासाठी मांडून ठेवलेलं होतं.

ज्येष्ठातली षष्ठी म्हणजे जावयांचा दिवस. सासवा पहाटेपासून उपाशी राहून षष्ठीदेवीला पुजतात, जावयाच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधतात, ओल्या ताडाच्या पंख्यानं वारा घालतात आणि मग त्याला इतकं चारतात की उठवायला माणूस लागावा. स्वतः मात्र त्या दिवशी भाताचं शीत तोंडात घालत नाहीत. व्रत लेकरांच्या आयुष्यासाठी असतं, जावई नुसता निमित्ताचा धनी.

पूर्णेंदुनं कठड्याशी उभं राहून मनगटावरचा पिवळा दोरा सोडला आणि गंगेत टाकला. हा सकाळचा दोरा, नव्या सासूबाईंचा. मग रुमाल ओला करून मनगट घासघासून पुसलं. फाल्गुनात त्यानं दुसरं लग्न केलं होतं, अंजुश्रीशी. गाजावाजा नव्हता, दहा माणसं जेवली. इकडे चंदननगरात ते कुणाला कळलं नव्हतं. मध्ये नदी असली की बातमीलाही वल्ही मारत यावं लागतं.

निघताना अंजुश्री दारापर्यंत आली होती. "जा तुम्ही, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आज सांगून या. कुणाचा तरी जावई चोरून आणलाय, असं मला रोज वाटतं."

"सांगतो," तो म्हणाला होता. चार महिने तो हेच म्हणत होता.

लाँच राणीघाटाला लागली. नदीकाठच्या स्ट्रँडवर नेहमीचे म्हातारे नेहमीच्या बाकांवर बसले होते, इस्त्रीचं धोतर, पायात बूट, आणि पलीकडच्या काठच्या गिरण्यांच्या धुराकडे बघून नाक मुरडणं चालू. चंदननगरच्या माणसाला एवढं एक सुख पुरतं. इंग्रज तिकडे होते, आपल्याकडे फ्रेंच होते, म्हणून आपण जरा वरचे, हे त्याच्या रक्तातच आहे. तुलूच्या, त्याच्या पहिल्या बायकोच्याही होतं. "तुमच्या गावाला धूर आणि आमच्या गावाला वारा," ती म्हणायची, आणि लग्नानंतर तो धूर सहा वर्षं खोकत खोकत तिनं आनंदानं गिळला. मग कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. मूलबाळ नव्हतं.

तीन वर्षं झाली त्याला. तरी लाँच धक्क्याला लागली की पूर्णेंदुचे डोळे घाटाच्या पायऱ्यांवर तिला शोधायचे. याही वर्षी शोधले. त्याला लाज वाटली, आता दोघींचीही वाटली.

खरं तर ती गेल्यावर त्याचं इथलं येणं संपायला हवं होतं. त्या पहिल्या ज्येष्ठात घाटावरच्या वडाखाली बायका पूजेला जमल्या, तेव्हा हालदारांची थोरली सून तुलूच्या आईला, बिभावतींना, तोंडावर म्हणाली होती, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता? षष्ठी लेकुरवाळ्यांची असते." बिभावतींनी हातातली दूर्वा खाली ठेवली नाही. "माझा जावई आहे ना," त्या म्हणाल्या. "तो आला की मी लेकुरवाळीच." आणि त्याच दुपारी, कुणी बोलावलं नसताना, पूर्णेंदु लाँचमधून उतरला होता. का आला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घरी एकट्यानं बसवेना, एवढंच. पण बिभावतींनी त्याला सगळ्या गल्लीतून हाताला धरून घरी नेलं. तेव्हापासून त्यांच्या वर्षाचा हा एकच दिवस उरला होता, आणि तो पूर्णेंदुच्या येण्यावर टांगलेला होता.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं बागबाजारातल्या त्या गल्लीत पाऊल टाकताना काय ठरवावं? त्यानं ठरवलं, दारातच सांगायचं. उंबरा ओलांडायच्या आधी.

दार उघडंच होतं. बिभावती लालकाठाची साडी नेसून उंबऱ्यात बसल्या होत्या, ओठ सुकलेले.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या.

"लाँच उशिरा सुटली, आई."

झालं. दारातलं सांगणं दारातच राहिलं.

"त्या काठची लाँच ती," आतून अवनीबाबूंचा, सासऱ्यांचा आवाज आला. "तिकडे भोंगा वाजल्याशिवाय कुणी हलत नाही. आम्हाला फ्रेंचांनी वळण लावलं. जेवायला बोलावलं की वेळेवर हजर."

"बाबा, तुमच्या फ्रेंचांना जाऊन चाळीस वर्षं झाली."

"ते गेले, वळण राहिलं."

"बनियनवर बसून वळणाच्या गोष्टी नका सांगू," बिभावती म्हणाल्या. "सदरा घाला. जावई आलाय."

अवनीबाबूंचे वडील फ्रेंचांच्या पोलिसात होते आणि स्वतः ते फ्रेंच शाळेत सहा यत्ता शिकले होते. त्यातलं आता एवढंच उरलं होतं की रक्तदाबाच्या गोळ्या ते फ्रेंचमध्ये मोजत. डॉक्टरनं मीठ तोडल्यापासून त्यांच्यापुढे तिन्ही त्रिकाळ दुधीचं अळणी पाणी यायचं, आणि त्या दुःखाचा सूड ते जगाची थट्टा करून घ्यायचे.

पाट मांडला होता. बिभावतींनी त्याच्या कपाळाला दह्याचं बोट लावलं, ओल्या पंख्यानं "षाट, षाट" असं षष्ठीचं नाव घेत वारा घातला आणि दोरा बांधायला त्याचा उजवा हात हातात घेतला. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा व्हायचा होता. मनगटावर त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. मग त्यांनी दोरा बांधला, नेहमीसारख्या तीन गाठी मारल्या आणि फरासडांग्याचं, म्हणजे चंदननगरच्याच मागाचं, नवं धोतर त्याच्या मांडीवर ठेवलं.

"आता जेव," त्या म्हणाल्या.

पूर्णेंदुनं ताटाकडे पाहिलं. लुच्या. पाच तऱ्हांची भजी. डाळ, तिच्यात पुन्हा माशाचं डोकं. मोहरीतला इलिश मासा, दोन मोठे तुकडे. नारळाच्या दुधातली कोळंबी. मटण. कैरीची चटणी, लिची, आंबा, दही, आणि शेवटी जलभरा संदेश, ज्याच्या पोटात गुलाबपाणी भरलेलं असतं. तुलूच्या लग्नानंतरच्या पहिल्या षष्ठीला त्यानं तो चावला आणि सगळं पाणी सदऱ्यावर उडालं, तेव्हा तुलू हसून हसून भिंतीला टेकली होती.

त्यानं खायला सुरुवात केली. दुसरं तो करू तरी काय शकत होता? समोर एक उपाशी बाई बसली होती. एकेक घास तो औषधासारखा पाण्याबरोबर ढकलत होता. जिभेला चव कळायची कधीच थांबली होती, कपाळावर घाम फुटला होता.

"हळूहळू चाललंय तुझं," अवनीबाबू आपलं दुधीचं पाणी भुरकत म्हणाले. "गेल्या वर्षी मटण तिसऱ्यांदा मागितलं होतंस. मी इथे तुझ्याकडे बघून जेवतो बाबा, जरा उत्साह दाखव."

"उन्हाळा आहे, बाबा."

"इलिश कसा झालाय?" बिभावतींनी विचारलं.

"फार छान, आई." त्यानं दुसरा तुकडाही संपवला आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

त्यानं सगळं संपवलं. कसं, ते विचारू नये. अवनीबाबू समाधानानं उठले, "थोडा पडतो, लाँचच्या वेळेला उठवा," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. थोड्याच वेळात त्यांचं घोरणं ऐकू आलं.

बिभावती ताटावरून माशा हाकत होत्या.

"तिथं काय काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"सकाळी जेवलास तिथं."

पूर्णेंदुनं उष्टा हात पाटाआड नेला.

"मी दोरा बांधायच्या आधीच तुझं मनगट पिवळं होतं," त्या म्हणाल्या. "हळद पाण्यानं जात नाही रे, तेल लावावं लागतं. पुरुषांना कुठलं माहीत असायला."

"मग मला थांबवलं का नाहीत? एवढं सगळं खायला..."

"वाढलेलं होतं. म्हटलं, आजचं तरी बघून घ्यावं." त्यांनी माशी हाकली. "कधी झालं?"

"फाल्गुनात."

"नाव काय तिचं?"

"अंजुश्री."

"बरी आहे? तुला आवडते?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या बोलू देणार नव्हत्या. "हो," तो म्हणाला. "तिनंच पाठवलं आज. सांगून या म्हणाली."

"शहाणी दिसते." बिभावतींचा आवाज एवढा वेळ सरळ होता, तो इथे हलला. "मी दर वर्षी वडाखाली बसून एकच मागत होते, हा पोरगा एकटा राहू नये. तुलूच्या वेळेला देवीनं माझं ऐकलं नाही. आता हे ऐकलं. मागितलेलं मिळाल्यावर रडायचं नसतं." आणि त्या रडल्या, पदर तोंडात धरून, आतलं माणूस जागं होणार नाही इतपत.

पूर्णेंदुला वाटलं, आपण आत्ता नदीत पडलो तरी चालेल. "आई, मी येणं सोडणार नाही. षष्ठीला नाही जमलं तर कार्तिकात जगद्धात्रीच्या पूजेला येईन. मधेअधे येईन. बाबांना डॉक्टरकडे न्यायला येईन."

"कोण म्हणून येशील?"

पूर्णेंदु मनगटावरच्या दोऱ्याच्या गाठी चाचपू लागला.

"भाचा नाहीस, पुतण्या नाहीस," त्या डोळे पुसत म्हणाल्या, रागावून नाही, समजावून. "या घराशी तुझं नातं एक, आणि त्याचा दिवस एक. तो आता त्या बाईचा. तिची पोर जिवंत आहे. जिवंत पोरीच्या आईच्या ताटावर मी हक्क कसा सांगू? आणि तू असा दोन्हीकडे खात बसलास तर पोट फुटून मरशील. पुढल्या वर्षी येऊ नकोस."

"आणि तुमचं व्रत?"

हे विचारायला नको होतं, ते विचारल्यावर कळलं. बिभावतींनी पंखा खाली ठेवला. गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. झाकण काढल्याचा आवाज आला, वाढल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, आणखी काहीतरी राहून गेलं असेल, तेही आपल्याला खावं लागेल, आणि त्यानं ठरवलं की नाही म्हणायचं नाही.

त्या पितळी ताट घेऊन आल्या. ताटात भाताचा ढीग आणि वर इलिशचा तुकडा, रस्सा घातलेला. त्याच्यापुढे ताट न ठेवता त्या स्वतःच समोर बसल्या आणि भात कालवू लागल्या.

"आई, आज षष्ठी आहे."

"असेल."

"भात चालत नाही आज."

"ज्यांना कुणी आहे त्यांना चालत नाही," बिभावती म्हणाल्या, आणि त्यांनी घास घेतला.

काल रात्रीपासून पोटात अन्न नसलेलं माणूस जेवतं तशा त्या जेवत होत्या, भराभर, खाली मान घालून. पूर्णेंदुला बघवेना आणि नजरही काढता येईना. बत्तीस वर्षं पाळलेलं व्रत त्या भाताबरोबर त्याच्यासमोर खाल्लं जात होतं आणि ते त्यानं मोडलं होतं. तिसऱ्या का चौथ्या घासाला त्यांचा हात थांबला. त्यांनी माशाचा एक कण वेगळा काढून जिभेवर ठेवला.

"माशात मीठच नाहीये," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक कण चाखून पाहिला.

"उपासात चाखता येत नाही, अंदाजानं घातलं होतं. घातलंच नाही वाटतं. यांचं अळणी करून करून हात विसरला." मग त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "दोन तुकडे खाल्लेस तू. छान झालाय म्हणालास."

"मला कळलं नाही, आई. खरंच नाही कळलं."

"गेल्या वर्षीही असंच होतं? त्याच्या आदल्या वर्षी?"

"नाही. तेव्हा चांगला होता. फार चांगला होता."

ते खरं होतं. तीनही वर्षं त्यानं बोटं चाटून खाल्लं होतं आणि घरी परतताना लाँचमध्ये हाताचा वास घेत बसला होता. पण बिभावती त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्यांना आता यातला एक शब्द पटणार नाही, हे त्याला दिसलं. पटवून द्यायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं, आणि पुढलं वर्षही उरलं नव्हतं.

त्यानं मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती घेतली नाही. "राहू दे," म्हणाल्या, आणि अळणी रस्सा भातात कालवून ताट पुसून होईपर्यंत जेवत राहिल्या.