निळी सतरा

भांड्यातली कॉफी फसफसून वर आली, झाकण खडखडलं आणि दचकलेल्या ब्रिनाने लॅपटॉपवर एंटर दाबून टाकलं.

स्वयंपाकघर पुन्हा गप्प झालं. टेबलावर तिच्या वडिलांच्या, विंकोच्या, जवळजवळ चाळीस वर्षांच्या वह्या होत्या. कुठली राणीमाशी कुठल्या राणीच्या पोटची, एवढंच त्यांत लिहिलेलं. तिची छोटी लेक आयदा दुपारची झोपे तेवढ्या वेळात, हाताला येईल ती वही घेऊन, ब्रिनाने हिवाळाभर ते लॅपटॉपात उतरवलं होतं. आता दहा वाजता मधपाळ संघाच्या तपासनीस बाई येणार होत्या. त्या बोट ठेवतील त्या राणीच्या चार पिढ्या दाखवता आल्या नाहीत, तर राण्या वाढवणाऱ्यांच्या यादीतून विंकोचं नाव जाणार होतं.

तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमने रिकामी फाइल तयार केली, तिच्यात तक्ता आखला, नोंदी भरायला घेतल्या. आणि मध्येच अडून बसला. निळी सतरा आधीच आहे, दुसरी घेणार नाही.

"बाबा, निळी सतरा दोनदा लिहिलीत तुम्ही."

"दोनदा? सातदा असेल." विंको बूट चढवता चढवता हसला. "राणीच्या पाठीवर लावायच्या ठिपक्यांचे रंग पाचच, वर्षाला एक. दर पाच वर्षांनी निळा परत येतो. माश्यांत वाढलीस, आणि हे त्या डब्याला सांगितलं नाहीस?"

ब्रिनाने कपाळावर हात मारला. रंग आणि आकडा, एवढीच ओळख तिने धरली होती. तिने त्यात वर्ष घातलं, अर्धवट फाइल पुसली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. बाहेर खडीवर गाडी वाजली.

या खेपेला तो कुठेच थांबला नाही. दोन हजार तीनशे सहा राण्या एका फाइलीत येऊन बसल्या.

बाई मधपेट्या पाहून आत आल्या, हातमोजे काढत म्हणाल्या,

"गेल्या वर्षीची हिरवी चाळीस."

ब्रिनाने तेवढंच टाइप केलं. आई, आईची आई, तिची आई. ओळी उतरत गेल्या त्या थेट विंकोच्या पहिल्या वहीपर्यंत. बाईंनी चष्मा सारखा करून बोटाने मोजलं.

"चार मागितल्या होत्या. या एकोणीस आहेत!"

"जास्त झाल्या का?" विंकोने साळसूदपणे विचारलं.

बाई खळखळून हसल्या. "आणि हे इंटरनेट नसतानाही चालतं?"

"ही एकच फाइल आहे," ब्रिना म्हणाली. "इथेच असते, लॅपटॉपात."

"आमच्याकडे इंटरनेट हवामान बघून येतं," विंको म्हणाला, आणि बाईंची सही होताच त्याने लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "डबा हुशार निघाला गं. तुझ्यावर गेलाय."

आयदा आईच्या मांडीवर चढली. तिने शेवटच्या ओळीवर मधाचं बोट ठेवलं.

"हिच्यापुढे आईचं नाव का नाही?"

"ती आजोबांना रानात सापडली, लिंडनच्या झाडावर. तिची आई कोण, ते आपल्याला माहीत नाही."

आयदा त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली.

"मग तिच्या आईला माहितीये, ती आपल्याकडे आहे ते?"