वाट पाहण्याचं पद

घुंगरांची दोरी तिने पुन्हा सोडून पुन्हा बांधली. विंगेतून आई दिसत होती. रंगमंचाच्या कडेला मांडी घालून, ताठ बसलेली, हातात ताल धरायच्या झांजा. याच आईने तिला लहानपणापासून नाच शिकवला होता, आणि आज धास्ती होती तीही आईचीच.

पद जुनं होतं. नायिका प्रियकराची वाट पाहते आणि सखीला विचारते, अजून का नाही आला? आईने शिकवलेल्या नाचात फुलांची शेज होती, लटका रुसवा होता. लेकीने ते सगळं काढून टाकलं होतं. तिची नायिका ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसणार होती. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आई बसली होती तशी. तालमीत मात्र ती जुनंच करून दाखवायची. खरं सांगायचं ती रोज उद्यावर ढकलायची.

पडदा सरकला. गाणं सुरू झालं. ती बसली. समोर नसलेल्या दाराकडे बघत तिची बोटं नसलेल्या पर्सची चेन उघडू लागली, लावू लागली. कुणी बाहेर आल्यासारखं वाटून ती अर्धवट उठली, परत टेकली.

झांजा थांबल्या.

गाणारीही चपापून गप्प झाली. मेले, आता आई उठून जाणार! मान वळवायची तिची छाती होईना. ती तशीच चेन उघडत राहिली, लावत राहिली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग झांज वाजली, अगदी हळू.

मेकअपच्या खोलीत बाबा आधीच येऊन बसले होते. "मी आत बेशुद्ध! बाहेर एवढं रामायण चाललं होतं, मला काय पत्ता?"

आई हसली नाही. "मी अशी करत होते? चेन?"

"सारखी."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." आई खुर्चीत बसली. "हे पद माझ्या गुरूंनी मला बसूनच करायला शिकवलं होतं. खोलीतल्या चार माणसांपुढे करायचं, नुसत्या चेहऱ्याने. मोठी सभागृहं आली, मागच्यांना काही दिसेना, म्हणून मी उभी राहून केलं. गुरू कित्येक महिने माझ्याशी बोलल्या नाहीत."

"मग?"

"मग बोलल्या. पण बरोबर केलंस, असं कधी म्हणाल्या नाहीत."

"आणि तू?"

आईने झांजा फडक्यात गुंडाळल्या.

"आज माझे हात लटपटले म्हणून ताल थांबला," आई म्हणाली. "लोकांना वाटलं, ठरवूनच केलंय. उद्याच्या प्रयोगात किती थांबायचं, ते मला आधी नीट सांग."