रस्त्यावरची पिवळी खुर्ची

सासू म्हणून मालिनीबाईंची खोड काढावी असं फारसं काही नव्हतं, आणि आश्लेषाची खरी पंचाईत तीच होती. लुडबुड नाही, टोमणे नाहीत, "आमच्या वेळी" नाही. एकच होतं, बाई स्वस्थ बसत नसत. नागपूरहून शिकागोला येऊन दोन महिने होत आले नाहीत, तोवर घरातल्या एकूणएक खणात नवा कागद अंथरून झाला होता, खिडकीत वाळून गेलेल्या कढीपत्त्याला सद्गती मिळाली होती, आणि बाहेर कितीही गारठा असो, लेकाचं जुनं जाकीट चढवून रोज सकाळची फेरी चालू होती. "नागपूरच्या मे महिन्यात भर बाराच्या उन्हात चाललेली बाई आहे मी," त्या म्हणायच्या. "ही थंडी माझं काय वाकडं करणार?"

थंडीने त्यांचं वाकडं केलं नाही. केलं ते सुनेचं, आणि तेही नको त्या वेळी.

आश्लेषाची नोकरी दिवाळीनंतर गेली होती. कंपनीने एका सकाळी मीटिंग बोलावली, सगळ्यांचे आभार मानले आणि अर्ध्या टीमला घरी पाठवलं. नोकरी गेली की व्हिसा किती दिवस धरून राहतो, हे अमेरिकेतल्या प्रत्येक देशी माणसाला झोपेतही सांगता येतं. नवऱ्याचं, शंतनूचं वर्क परमिटसुद्धा तिच्याच व्हिसाच्या शेपटीला बांधलेलं. महिनाअखेरपर्यंत कोणी नोकरी दिली नाही, तर दोघांनी गाशा गुंडाळून परत जायचं, इतका साधा हिशोब होता. शंतनू कामासाठी टेक्सासमध्ये शुगर लँडला अडकलेला, आणि रोज फोनवर "होईल गं सगळं नीट" म्हणणारा. अशात शिकागोच्या उपनगरातल्या, नेपरव्हिलच्या एका कंपनीने शेवटच्या फेरीला बोलावलं. सोमवारी सकाळी, प्रत्यक्ष. ऑफिस स्टेशनपासून बरंच आडबाजूला, म्हणजे गाडीशिवाय गत्यंतर नाही.

आणि शुक्रवारी बर्फ पडायला लागला. पडला म्हणजे किती, तर शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तेव्हा गल्लीत गाड्या नव्हत्याच, नुसते पांढरे उंचवटे होते. त्यातला आपला उंचवटा कोणता, इथपासून सुरुवात.

या गल्लीत कोणालाच गॅरेज नाही. जिथे जागा मिळेल तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची. रविवारी सकाळी आश्लेषा फावडं घेऊन उतरली, आणि तिच्यामागून मालिनीबाई केक भाजायचा मोठा ट्रे घेऊन उतरल्या, कारण घरात दुसरं फावडं नव्हतं. दोघींनी मिळून दुपारपर्यंत गाडी उकरून काढली. आश्लेषाच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. मालिनीबाई मात्र ट्रे झटकत म्हणाल्या, "तू आंघोळ कर. मी जरा पाय मोकळे करून येते." पाय अजून बांधलेले होते कुठे, हे आश्लेषाला कळेना.

ती आंघोळ करून बाहेर आली तर दिवाणखान्यात एक खुर्ची. पिवळीधमक, लोखंडी पायांची, जुनी पण धडधाकट. मालिनीबाई टॉवेलने तिची पाठ पुसत होत्या.

"बघ, काय वस्तू मिळाली!" त्या म्हणाल्या. "समोरच्या बाजूला रस्त्यातच ठेवून दिली होती. या लोकांना काय कमी आहे, बापा! तुमचं जेवणाचं टेबल नाही का तुम्ही असंच आणलेलं?"

हे खरं होतं. टेबल, पुस्तकांचा रॅक, कोपऱ्यातला दिवा, सगळं विद्यार्थीदशेत फुटपाथवरून उचललेलं. इथे लोक नकोशा वस्तू रस्त्याकडेला ठेवतात आणि ज्याला हव्या तो नेतो, हे आश्लेषानेच मोठ्या कौतुकाने त्यांना सांगितलं होतं. दुसरी गोष्ट सांगायची मात्र राहून गेली होती.

"आई," ती मटकन सोफ्यावर बसली. "ती फेकलेली नव्हती. ती जागा धरून ठेवलेली खुर्ची आहे."

मग तिने शिकागोचा न लिहिलेला कायदा सांगितला. बर्फ पडल्यावर ज्याने जिथली जागा उकरली, ती जागा त्याची. तो गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे खुर्ची ठेवतो, बादली ठेवतो, इस्त्रीचं टेबल ठेवतो. ती हलवायची नाही. पोलिसही मध्ये पडत नाहीत. आणि कोणी हलवलीच, तर लोक त्याच्या टायरची हवा काढतात, नाहीतर रात्रीतून गाडीवर पाणी ओततात, म्हणजे सकाळी गाडी बर्फाच्या पेटीत बंद.

मालिनीबाईंचा हात टॉवेलवर थांबला. अमेरिका त्यांना नवी होती, पण ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. नागपूर-काटोल, काटोल-नागपूर, शाळेच्या नोकरीसाठी उभा जन्म त्यांनी एस्टीने अपडाऊन केलं होतं.

"म्हणजे रुमाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. आशू, दुसऱ्याचा रुमाल उचलून बसलेल्या माणसाला मी भर गाडीत उभं केलेलं आहे. आणि आज मीच..."

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. दोघी खिडकीशी गेल्या. समोरच्या बाजूला, जिथून खुर्ची उठली होती तिथे, एक अवाढव्य ट्रक ऐसपैस लागला होता. रस्त्याच्या मधोमध एक लहानशी निळी गाडी उभी, आणि तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून एक पोक्त बाई. हॉस्पिटलचा निळा पोशाख, वर कोट. दोन वर्षांत आश्लेषाने तिला शंभरदा पाहिलं असेल. नाव माहीत नव्हतं.

"पडदा लावा," आश्लेषा म्हणाली. "खुर्ची क्लोजेटमध्ये ठेवू. अंधार पडला की मी गुपचूप खाली ठेवून येते."

"आणि काय सांगशील?"

"काही नाही सांगायचं! आई, प्लीज. ती आत्ता प्रचंड भडकली असणार. उद्या माझा इंटरव्ह्यू आहे. तिने माझ्या गाडीला काही केलं तर? ही शेवटची संधी आहे, तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये," मालिनीबाई म्हणाल्या, आणि बूट घालायला लागल्या.

आश्लेषाला त्या क्षणी सासूचा जो राग आला, तो लग्नानंतर साठवून ठेवलेला सगळा एकदम आला. जिना उतरताना ती मागून अडवत होती, आणि मालिनीबाई खुर्ची कवटाळून एकेक पायरी उतरत होत्या. उतरल्या, रस्ता ओलांडला, खुर्ची त्या बाईसमोर ठेवली आणि शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आय ॲम द थीफ ऑफ युवर चेअर."

बाई बघतच राहिली. मग आश्लेषाने धडपडत बाकीचं सांगितलं, नागपूर, टेबल, गैरसमज, सॉरी, पुन्हा सॉरी. बाई हसली नाही, ओरडलीही नाही. ती इतकी दमलेली होती, की तिच्यात दोन्हीचं त्राण नव्हतं. "दोन शिफ्ट करून आलेय मी," ती एवढंच म्हणाली. "ती जागा काल अख्खी दुपार घालवून एकटीने उकरली होती. मला फक्त झोपायचंय."

आश्लेषाने ते सासूला मराठीत सांगितलं. मालिनीबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "तुझी गाडी काढ," त्या म्हणाल्या. "आपली जागा हिला दे."

"काय? आणि माझी गाडी कुठे लावू, डोक्यावर?"

"तिकडे कोपऱ्याला एक ढीग आहे, त्याच्याखाली गाडी नाही. सकाळीच बघून ठेवलंय. तो उकरू."

"आई, माझी कंबर गेलीये!"

"माझी आहे ना," मालिनीबाई म्हणाल्या, आणि ट्रे आणायला वर गेल्या.

आश्लेषाने गाडी काढली, पण ती दातओठ खात. निळी गाडी तिच्या जागेत शिरली. बाई उतरली, तिचं नाव ग्लोरिया, आणि तशीच थकलेली, फावडं आणायला निघाली. मालिनीबाईंनी तिला दाराशी गाठून शाळेतल्या आवाजात फर्मावलं, "नो. गो. स्लीप." ती खरंच गेली.

मग त्या दोघींनी कोपऱ्यावरचा ढीग फोडायला घेतला. गाडी मागे दिवे लुकलुकवत उभी. वरचा बर्फ भुसभुशीत होता, खालचा दगड. ट्रे वाकला तसा मालिनीबाईंनी तो पायाने सरळ करून घेतला आणि पुन्हा लागल्या. मध्येच आश्लेषाने पाहिलं, त्यांचे हातमोजे भिजून चिंब झाले होते आणि ओठ निळे पडत चालले होते, पण चेहऱ्यावर दुःख कसलंच नव्हतं. उलट ओझं उतरल्यासारखा चेहरा झाला होता. तिचा राग तिथेच कुठेतरी त्या ढिगात राहिला. तिने आपले कोरडे हातमोजे काढून सासूच्या हातात घातले आणि जबरदस्तीने ट्रे आपल्याकडे घेतला. दिवेलागणीला गाडी आत शिरली.

सोमवारी सकाळी इंटरव्ह्यूचे कपडे घालून आश्लेषा खिडकीशी आली. पहाटे प्लाऊ येऊन गेला होता. प्लाऊ रस्ता साफ करतो म्हणजे रस्त्यातला बर्फ कडेच्या गाड्यांवर लोटतो. आता आपल्या गाडीसमोर छातीएवढी भिंत असणार, हे ती समजून चुकली. ती धावत खाली गेली.

भिंत होती, पण तिला गाडीच्या रुंदीचं दार पाडलेलं होतं. एका बाजूला ग्लोरिया फावडं मारत होती, दुसऱ्या बाजूला मालिनीबाई. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण काम अगदी ठेक्यात चाललं होतं.

"तुझी आई पहाटेपासून इथे आहे," ग्लोरिया म्हणाली. आश्लेषाने सासू आहे म्हणून दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मग राहू दिलं.

चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा ग्लोरियाने मांजराच्या शौचाच्या डब्यात घालतात त्या मातीची पिशवी आणून, पकड मिळावी म्हणून चाकांखाली ओतली. "ॲक्सिलरेटर जोरात दाबू नकोस. पुढे, मागे, पुढे, मागे, पाळणा हलवल्यासारखी." दोघी मागून रेटत होत्या. तिसऱ्या झोक्याला गाडी सुटली. आरशात आश्लेषाला दोघी दिसल्या, एकीचं फावडं वर, एकीचा वाकडा ट्रे वर.

नेपरव्हिलला ती वेळेत पोचली. मॅनेजरच उशिरा आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्याने तो ठरलेला प्रश्न विचारला, की काम करताना चूक झाली तर तू काय करतेस? आश्लेषाने याचं छान उत्तर पाठ केलं होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"खरं सांगू? आधी मी ती लपवायला बघते," ती म्हणाली. "मग माझ्या सासूबाई येतात."

आणि तिने कालची सगळी हकीकत सांगितली. तो शिकागोतच वाढलेला, खुर्ची उचलली म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. जागा देऊन टाकली म्हटल्यावर हातातलं पेन खाली ठेवलं. "आता मला कळलंय," ती शेवटी म्हणाली, "चूक झाल्या झाल्या सांगायची, आणि सांगायला जाताना फावडं बरोबर न्यायचं." नंतर तासभर त्याने तिला कोडिंगमध्ये चांगलं पिळून काढलं, ते वेगळं. निघताना मात्र हात मिळवून म्हणाला, "ऑफर आजच पाठवायला सांगतो. व्हिसाचे कागद आमचे वकील लगेच सुरू करतील."

तिने गाडीतूनच आधी घरी फोन केला, आणि मग शंतनूला. पण घरी ती एवढंच म्हणाली, "निघाले आई, तासाभरात पोचते." ही बातमी तिला तोंडावर सांगायची होती.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला आठवलं. सकाळच्या घाईत जागेवर खुर्ची ठेवायची राहिली होती! दोन्ही बाजूंना गाड्या खेटून लागलेल्या. उरलेली जागा म्हणजे नुसता बर्फ. आता अंधार पडेपर्यंत घिरट्या घालायच्या, असं मनाशी म्हणत ती कोपऱ्याशी आली.

त्यांच्या उकरलेल्या चौकोनात, मधोमध, पिवळी खुर्ची होती. आणि खुर्चीवर शंतनूच्या जाकिटात, कानाला मफलर, पायांवर ग्लोरियाचं घोंगडं, हातात कॉफीचा मग, अशा मालिनीबाई बसल्या होत्या. एक मोठी गाडी त्यांच्यासमोर थांबून हॉर्न वाजवत होती. बाई ढिम्म हलल्या नाहीत. गाडीवाला कंटाळून निघून गेला.

आश्लेषाने काच खाली केली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते. "आई! नुसती खुर्ची ठेवायची असते! माणसाने बसायचं नसतं!"

"हौ," मालिनीबाई म्हणाल्या. "खुर्ची काय, कोणीही उचलून नेतं. मी नाही का नेली?"

त्या उठल्या, घोंगड्याची घडी केली, खुर्ची बाजूला घेतली आणि हाताने खूण करत सुनेला आत घेतलं. गाडी नीट लागेपर्यंत त्यांनी नोकरीचं विचारलं नाही. आश्लेषा उतरली आणि तिने त्यांना घट्ट मिठी मारली, तेव्हा त्यांना कळलं.