चुन्याखालची फुली

बाळाबाईच्या हातातली चुन्याची बादली खाली पडली ती पडलीच. उचलायचं भान तिला राहिलं नाही. शाळेच्या भिंतीकडेच्या शिरीषांच्या रांगेतलं वाकडं झाड रस्त्यावर आडवं झालं होतं, आणि मलकापूरहून आलेली करवतवाली टोळी त्याच्या फांद्या तोडून ट्रॅक्टरात भरत होती.

"अरं मुडद्यानु, ह्ये काय केलंसा!" ती ओरडली. "ह्ये न्हवं! ह्ये झाड न्हवं!"

टोळीचा मुकादम सयाजी घाम पुसत म्हणाला, "ओरडताय कशाला मावशी? सायबानं सांगितलं त्येच पाडलंय की. धोक्याचं झाड. वाकल्यालं."

धोक्याचं म्हणे! बाळाबाई एकोणीस वर्षं बाग खात्यात रोजंदारीवर होती, आणि त्यातल्या निम्म्या दुपारी तिनं ह्याच झाडाखाली भाकरीचं फडकं सोडलं होतं. रोप असताना कुठल्याशा ट्रकनं धक्का दिला म्हणून ते वाकलं आणि वाकूनच वाढलं. पण माणसाची पाठ वाकली म्हणून त्याला काय जिवंतपणी मसणात नेतात? ती बुंध्यापाशी गेली. कापलेला ओंडका ओला होता, आतून तांबूस काळा, घट्ट. कुठं भोक नाही, भुगा नाही, किडीची एक रेघ नाही. तिनं त्यावर हात ठेवला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

पावसाळ्याआधी खात्याचं हे काम ठरलेलंच असतं. सुपरवायझर केतनसाहेब लाकडी मोगरी घेऊन हिंडतो, बुंध्यांवर ठोकतो, आवाज ऐकतो, आणि जे झाड पोकळ वाटेल त्याच्यावर छातीच्या उंचीला लाल ऑइलपेंटची फुली मारतो. मागनं टोळी येते आणि फुलीचं झाड पाडते. कागदावर असतं ते एवढंच, अमुक रस्ता, झाडं सात, पैकी धोकादायक एक. मोजणीच्या वेळी ठोकलेले पत्र्याचे नंबर पोरांनी कधीच उपटून नेलेले. म्हणजे सगळी भिस्त त्या एका फुलीवर.

"फुली हुती व्हय रं ह्याच्यावर?" तिनं विचारलं.

"कुठली फुली! सातीच्या साती बुंधे रंगवल्यालं. खाली गेरू, वर चुना. म्हणून तर सायबाला फोन लावला. त्ये म्हणालं, वाकल्यालं आसंल बघा."

बाळाबाईनं रांगेकडं बघितलं. रंगवलं कुणी होतं? तिनंच की! मंगळवारी कुणी बडा पाहुणा ह्या रस्त्यानं जाणार होता. एकही बुंधा उघडा दिसता कामा नये, असा हुकूम. एका दिवसात साठ झाडं. खाली मान घालून ती कुंचा मारत सुटली होती, कंबर मोडेस्तोवर. आणि आता तिला लख्ख आठवलं, की त्यातल्या एका बुंध्यावर कुंचा सटकत होता. चुना धरतच नव्हता, नुसता ओघळत होता. तिनं वैतागून झाडालाच शिवी घातली होती आणि वरनं दुसरा हात मारला होता. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे एकोणीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला कळू नये? जरा मान वर करून बघितलं असतं तर! पण बघितलं नाही. आणि ते झाड कुठलं, पहिलं की सहावं, काही केल्या तिला आठवेना.

मग खरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. वाकडं झाड तर फुकट मेलं, पण पोकळ झाड? ते उभंच होतं की! उरलेल्या सहांतलं एक. आज शनिवार, सकाळची शाळा, अकराला सुटणार. पोरांना न्यायला येणाऱ्या रिक्षा ह्याच सावलीत लागायच्या. त्यातल्या तीन आत्ताच येऊन लागल्या होत्या.

तिनं पिशवीतलं खुरपं काढलं आणि पहिल्या झाडाचा चुना खरवडायला लागली. खाली नुसती साल. दुसऱ्याचा खरवडला. साल. "मावशी, रंगवल्यालं उकलताय व्हय?" सयाजी हसला. तिसरं ते पाडलेलं. चौथं झाड सगळ्या रांगेत देखणं. सरळसोट, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, पानांनी गच्च. ह्याला काय झालंय, असं मनात म्हणतच तिनं खुरपं लावलं, आणि चुन्याचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून खाली आला. आत लालभडक फुली.

"आगं आई गं!"

फुलीखालची सालही जरा फुगलेली दिसली, म्हणून तिनं तिथं खुरपं टेकवलं. टेकवलं फक्त, जोर नाही की काही नाही. आणि खुरप्याचं सगळं पातं आत गेलं. लोण्यात जावं तसं, मुठीपर्यंत. तिनं घाबरून ते ओढून काढलं तशी साल ढासळली आणि आतून तांबडा कोंडा भसाभस खाली सांडला. एवढ्या मोठ्या झाडाच्या पोटात दुसरं काही नव्हतंच.

तेवढ्यात केतनसाहेबाची मोटरसायकल आली. पोरगा चांगला, वागायला मऊ. खात्यात लागला तेव्हा कडुनिंब कुठला आणि बकाण कुठला, हे त्याला बाळाबाईनंच शिकवलं होतं. तिला हायसं वाटलं.

"सायेब, बरं झालं आलासा! चूक झाली, माझ्याच हातनं झाली. फुली हितं हाय. त्ये वाकडं चांगलं हुतं. ह्ये सगळं आतनं खाल्लंय बघा."

केतननं बघितलं. फुली बघितली, भोक बघितलं, खाली पडलेला कोंडा बघितला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं इकडंतिकडं नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर चुना मारा."

बाळाबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

"काय?"

"चुना मारा म्हणतोय. झाड पाडलं, काम पूर्ण, असा सयाजीनं धाडलेला फोटो वर पाठवून बसलोय मी. आता हे पोकळ निघालं तर चांगलं झाड का पाडलं, ह्याचं उत्तर कोण देणार? सोमवारी मी नवीन कागद करतो, मग गुपचूप पाडू."

"आन पोरं? आत्ता शाळा सुटंल की!"

"इतकी वर्षं उभं आहे, दोन दिवसांत पडतंय होय?" त्यानं आवाज आणखी खाली आणला. "कायम करायच्या यादीत तुमचं नाव आहे. शिफारस माझी आहे. सोमवारी सही होणार. रंगवलं कुणी हे वर कळलं तर पहिलं नाव तुमचं कटेल. उगीच दोघांचं वाटोळं करू नका."

बाळाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. तिला राग यायला पाहिजे होता, पण राग येईना. एकोणीस वर्षं ती त्या यादीची वाट बघत होती. किती अर्ज, किती हेलपाटे, किती मोर्चे! म्हातारपणाची भाकरी होती ती. आणि हा पोरगा, ज्याला तिनं पानं ओळखायला शिकवली, तो तिला सांगत होता, की त्या भाकरीपायी पोरं झाडाखाली उभी राहू देत.

ती वाकली. बादलीजवळचा कुंचा उचलला. केतननं सुस्कारा सोडला.

पण कुंचा चुन्यात गेलाच नाही. तो शेजारच्या गेरूच्या डब्यात गेला. बाळाबाईनं टाचा उंचावल्या आणि हात पुरेल तिथपासून खालपर्यंत, बुंध्यावर ही मोठी फुली ओढली. मग बाजूला दुसरी. मग पलीकडच्या अंगाला जाऊन तिसरी. गेरूचे ओघळ तिच्या कोपरावरून लुगड्यावर उतरत होते.

"मावशी! डोकं फिरलंय काय!" केतन ओरडला.

झाडाखाली रिक्षा लावून पेपर वाचत बसलेला बाबासो मगदूम बाहेर आला. "काय भानामती चाललीया मावशी सकाळसकाळी?"

"गाडी काड हितनं."

"सावलीला लावलीया की. तुमचं काय खातीया?"

बाळाबाईनं बोलण्यात वेळ घालवला नाही. तिनं त्याचं मनगट धरलं आणि हात त्या भोकात घातला. बाबासोचा हात कोपरापर्यंत आत गेला. तो आधी हसत होता, मग हसायचा थांबला. हात बाहेर काढून मुठीतला कोंडा त्यानं बघितला, मग वर बघितलं, त्या एवढ्या मोठ्या फांद्यांकडं.

"आयला..." एवढंच तो म्हणाला, आणि मग गळा फाटेस्तोवर ओरडला, "गाड्या काडा रं! सगळ्यांनी काडा! झाड पोकळ हाय!"

तोवर सात रिक्षा लागल्या होत्या. दोन मिनिटांत जागा रिकामी झाली. सयाजीनं कुणी न सांगताच आपला दोरखंड रस्त्याला आडवा बांधला. त्याची मान खाली होती. आपण काय पाडलंय ते त्याला आता कळलं होतं. अकराला घंटा झाली. पोरं कालवा करत बाहेर आली आणि बाबासोनं त्यांना पलीकडच्या कडेनं, एकेकाचा हात धरून नेलं. शेवटचं पोरगं कोपऱ्यावर वळेपर्यंत बाळाबाईनं श्वास सोडला नाही.

शाळेतनं फोन गेला, तशा तासाभरानं वरच्या कार्यालयातल्या मॅडम आल्या. त्यांनीही भोकात हात घातला. मग फाइल उघडून त्यांनी पंचनामा लिहायला घेतला.

"फुलीवर रंग कुणी लावला?"

केतन बाळाबाईकडं बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

"मी," बाळाबाई म्हणाली. "न बघता लावला. त्या वाकड्याचा जीव माझ्यापायी गेला. लिवा. आन फुली घावल्यावर परत चुना मार म्हणून सायबानं सांगितलं, त्ये बी लिवा."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी केतनकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. मग त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "नाव?"

तिनं सांगितलं.

"नोकरी काय लिहू? कायम, की रोजंदारी?"

बाळाबाईनं गेरूनं माखलेले हात पदराला पुसले. डाग निघाले नाहीत.

"रोजंदारी," ती म्हणाली. "आता त्येच ऱ्हाणार."