माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे

‘माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मला इजा झाली.’ हे वाक्य मी आजवर एकेचाळीस जणांच्या नावावर लिहिलंय. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. त्यातल्या एकानेही ते माझ्याजवळ उच्चारलेलं नव्हतं.

मी जयदीप, मूळचा गुहागरचा, सौदीतल्या जुबैलमध्ये एका ठेकेदार कंपनीत नऊ वर्षं सेफ्टी असिस्टंट. प्लांटमध्ये कुणी पडला, भाजला, कुणाचं बोट चेमटलं की त्याचा जबाब मी घ्यायचा. तो हिंदीत नाहीतर मराठीत सांगणार, मी इंग्रजीत उतरवणार, तो सही करणार. पहिल्या वर्षी मी सांगतील तसं लिहायचो. मग जबाब परत यायचे, एवढं लांबण कशाला म्हणून. शेवटी मला हे वाक्य सापडलं आणि कागद एका फटक्यात मंजूर व्हायला लागले. कामगाराची चूक निघाली की क्लायंट, म्हणजे प्लांटची मालक कंपनी, पुढे काही विचारत नाही. फाइल बंद, आणि तो माणूस बरा झाला की त्याला एक्झिट, कायमची घरपाठवणी. इतर ठेकेदारही मग त्याला उभं करत नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मूग गिळून बसत होतो, आणि वर साहेबलोक माझ्या इंग्रजीचं कौतुक करायचे ते ऐकून घेत होतो.

आमचा सेफ्टी मॅनेजर हॉलिस, अमेरिकन, साठीला टेकलेला. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक चिमुकलं पुस्तक असे, त्यांची राज्यघटना. सतरा सप्टेंबरला त्यांचा घटनादिन. त्या दिवशी त्याने ऑफिसात डोनट वाटले आणि मला तसलंच एक पुस्तक भेट दिलं. आधी पहिल्या दहा दुरुस्त्या वाच, म्हणाला, सरकार कुठे थांबतं आणि माणूस कुठे सुरू होतो ते तिथे कळतं. बोलताना त्याचा गळा भरून आला होता. नाटक नव्हतं ते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

कॅम्पच्या खोलीत मी ते वाचून काढलं. पाचव्या दुरुस्तीपाशी अडकलो. फौजदारी खटल्यात कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मोबाइलवर शोधलं, तर आपल्याही घटनेत तेच, विसाव्या कलमात. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला आमच्याकडून ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या घोकून घेतली होती. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या मास्तरांचा राग आला. मी लिहिलेल्या त्या कागदांचा विचार त्या दिवशी मनात आला नाही, हेही सांगून टाकतो.

दुसरा अमेरिकन ब्रिग्ज, कन्स्ट्रक्शन मॅनेजर. नोव्हेंबरात त्यांची निवडणूक होती आणि हे दोघे दोन पक्षांचे. सप्टेंबरच्या शेवटी मेसमध्ये त्यांची जुंपली. हॉलिसचं म्हणणं, कायदा करणारे, राज्य चालवणारे आणि न्याय देणारे मुद्दाम वेगळे ठेवलेत, कुणी एक माणूस डोक्यावर बसू नये म्हणून. ब्रिग्जचं म्हणणं, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचे हात न निवडलेले न्यायाधीश बांधणार, तर मत द्यायचं कशाला? ब्रिग्ज जेवणाचा ट्रे आपटून निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर टेबलं, तरी निरोप माझ्याकरवी. मला गंमत वाटायची आणि खरं म्हणजे हेवाही वाटायचा. देशापासून इतक्या लांब येऊन कायद्यावरून जेवण टाकणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर शटडाऊनचं काम चालू होतं. प्लांट बंद, दुरुस्त्या दिवसरात्र, चार दिवस हातात. धोंडीराम आमचा सगळ्यात जुना रिगर, जड सामान उचलून बसवणारा. पाटण तालुक्यातला, त्रेपन्न वर्षांचा, बावीस वर्षं आखातात. सगळे त्याला मामा म्हणत. सातवी शिकलेला, पण हजेरीच्या कागदावर पूर्ण नाव मराठीत लिहायचा, वडिलांच्या नावासकट. बाकीचे नुसती रेघ ओढायचे तर हा त्यांना हसायचा.

सामान उचलायच्या प्रत्येक वस्तूची दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि तिच्यावर नव्या रंगाची पट्टी लागते. ऑक्टोबरपासून पिवळी होती. मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कामाचं परमिट द्यायला गेलो, तर मामांच्या चेन ब्लॉकवर, त्या साखळीच्या कप्पीवर, निळी पट्टी. म्हणजे गेल्या तिमाहीची, नव्याने तपासणी न झालेली. मी ब्रिग्जला सांगितलं. तो म्हणाला, तपासणारा गुरुवारी येतोय, आजचा दिवस ढकल. मी परमिटवर सही केली.

दहा वाजता व्हॉल्व्ह खाली सोडताना चेन ब्लॉकचा ब्रेक सुटला. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिसरं राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

दुपारी हॉलिसने मला केबिनमध्ये बोलावलं. ब्रिग्ज आधीच तिथे बसला होता. तीन आठवडे एकमेकांचं तोंड न पाहणारी ती दोन माणसं शेजारी शेजारी बसून एकाच कपातल्या पेनांतून पेन शोधत होती. मामांनी हात नको तिथे ठेवला, बस्स, ब्रिग्ज म्हणाला आणि हॉलिसने मान डोलावली. उद्या बारापर्यंत फाइल क्लायंटकडे जायला हवी. नेहमीचं लिही, हॉलिस मला म्हणाला, आणि त्याला सही करता येणार नाही, तेव्हा शाईचं पॅड घेऊन जा. डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल.

निळ्या पट्टीचं मी बोललो. ब्रिग्ज खिडकीबाहेर बघायला लागला. परमिटवर सही तुझी आहे ना, हॉलिसने शांतपणे विचारलं. मी पॅड उचललं.

बुधवारी सकाळी क्लिनिकमध्ये गेलो. मामा उशीला टेकून बसले होते, हात छातीशी बांधलेला. घरी पत्नी सत्यभामाबाईंना फोन झाला होता. कुठला हात, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मामांनी डावा म्हणून सांगितलं होतं. मी कागद पुढे केला. नुसती फॉर्मॅलिटी आहे, हे शब्द जिभेवर आलेही होते. पण त्या डाव्याच्या खोटेपणाने माझं काहीतरी बिनसलं. मी कागद मागे घेतला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो मराठीत वाचून दाखवला.

मामांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ह्ये मी कवा म्हनलो?”

“नाही म्हणालात.”

“मग कुनी म्हनलं?”

“मी लिहिलं, मामा.”

त्यांची नजर पॅडकडे गेली. “आन् वर अंगठा. बावीस वर्सांत कुटं अंगठा दिला नाय मी.” मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, गेल्या वर्षी शारीकच्या पायाचं झालं तेव्हाही तूच लिहिलं होतंस का. शारीक रत्नागिरीचा, आमचा वेल्डर, लंगडत घरी गेलेला. मी हो म्हणालो. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑफिसात येऊन मी सांगितलं, ठसा मिळालेला नाही. हॉलिसने उसासा टाकला. मग लिही, ‘चौकशीत सहकार्य करण्यास नकार दिला’. तेही चालतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खिशातून ते चिमुकलं पुस्तक काढून मी त्याच्यासमोर पाचव्या दुरुस्तीचं पान उघडून ठेवलं. म्हटलं, तुमच्याकडे माणूस गप्प बसला तर ते त्याच्याविरुद्ध धरत नाहीत ना? त्याने पान वाचलंही नाही. त्याला ते पाठच होतं. तो मला समजावायला लागला, अगदी प्रेमाने, घटनादिनाच्या दिवशी बोलला होता त्याच आवाजात. हे कलम सरकारपासून बचाव करतं, कंपनीपासून नव्हे. हे फौजदारी खटल्यापुरतं आहे, इथे खटला कुठेय? आणि जयदीप, ही अमेरिका नाही. ब्रिग्ज मागून म्हणाला, बरोबर. महिन्याभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

कायद्याने त्याचं बोलणं चुकीचं नसेलही. पण मला त्याचीच चीड आली. तीन सत्ता वेगळ्या हव्यात की नकोत म्हणून मेसमध्ये भांडायचं, आणि इथे काम लावणारे हे, चौकशी करणारे हे, निकाल देणारेही हेच. माणूस कुठे सुरू होतो म्हणून गळा भरून यायचा, आणि तो माणूस पाटणचा निघाला की त्याच्यासमोर शाईचं पॅड सरकवायचं. नाकाने कांदे सोलतात ते असे. आणि पॅड घेऊन जाणारा मी. त्यांना निदान दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मला येत होती.

मी माझ्या टेबलावर बसलो आणि कोरा कागद घेतला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. स्वतःहून द्यायला कुणाची आडकाठी नाही. मी लिहिलं की चेन ब्लॉकवर निळी पट्टी होती. ती मी साडेसहाला पाहिली, ब्रिग्जना सांगितलं, त्यांनी काम चालू ठेवायला सांगितलं आणि तरीही मी परमिटवर सही केली. शेवटी माझं ते जुनं वाक्य घातलं, फक्त थोडं बदलून: माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे धोंडीराम यांना इजा झाली. बेचाळिसाव्या वेळी ते पहिल्यांदा खरं होतं. खाली सही केली, स्कॅन केलं, परमिट आणि चेन ब्लॉकचा फोटो जोडून पावणेबाराला क्लायंटला मेल केलं. मग कागद हॉलिससमोर ठेवला.

त्याने वाचला. चेहऱ्याचा रंग उतरला. आवाज खाली आणून तो म्हणाला, “जयदीप, हे तू लिहायची गरज नव्हती. तुला कुणी भाग पाडू शकत नाही. तो तुझा हक्क आहे.”

“मग धोंडीरामला हे का नाही सांगितलंत?”

ब्रिग्ज उठून बाहेर गेला. हॉलिसचा हात खिशाकडे गेला होता, पुस्तक होतं तिथे, आणि तसाच राहिला.

गुरुवारी क्लायंटचा माणूस आला, चेन ब्लॉक सील करून घेऊन गेला आणि मामांचा जबाब नव्याने घ्यायला सांगितलं. माझं परमिटचं काम त्याच दिवशी काढून घेतलं. इकामा, इथला राहण्याचा परवाना, अजून कंपनीच्या हातात आहे. माझा एक्झिट कधी निघतो ते कळेलच.

तो जबाब मी घ्यायचा नव्हता, पण मराठी येणारं दुसरं कुणी नव्हतं. मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो, दोन पानं झाली. मग सगळं त्यांना मराठीत वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी थांबवून वेळ दुरुस्त करायला लावली. हॉलिस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. वाचून संपल्यावर त्याने सवयीने शाईचं पॅड पुढे केलं.

मामांनी ते कोपराने बाजूला सारलं आणि डाव्या हातात पेन घेतलं. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं. दुसरं उलटं पडलं, ते खोडून पुन्हा काढलं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दहा मिनिटं लागली. हॉलिस घड्याळ बघत होता. मी त्याला म्हटलं, थांबा.