बी तेवढी आपली

बाटलीवर माझा चेहरा छापायची कल्पना धाकटीची. सरकारी योजनेच्या अधिकारी बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी फोटोवाला थेट बागेत धाडला. मी शिडीवरून उतरत होते, कमरेला टोपली, केसांचं घरटं झालेलं. म्हटलं, तोंड तरी धुऊ द्या. तो म्हणाला, नको, असंच खरं वाटतं. तेव्हापासून जर्दाळूच्या जॅमच्या प्रत्येक बाटलीवर, शेडच्या गाडीवरही, मी घामेजलेली हसते आहे आणि माझ्या कानाशी राज्य सरकारचा हिरवा शिक्का: 'आपल्या मातीतलं'.

योजना चांगली होती, हे मला आजही म्हणावं लागतं. गावची फळं गावातच शिजवायची, बाटल्या भरायच्या आणि शहरातल्या सरकारी दुकानांत विकायच्या. सरकारने खाली रस्त्यालगत शेड बांधून दिली, वाफेवरची भांडी दिली. माझी धाकटी बहीण बोलण्यात पटाईत, म्हणून शेड तिच्याकडे. मला झाडांतलं कळतं, म्हणून लोकांकडून फळं आणणं माझ्याकडे. आमचं लहानपणापासून असंच. ती बोलणार, मी करणार.

बीची गोष्ट मात्र आईची. जॅम शिजवताना ती बाटलीमागे एक बी आत राहू द्यायची, त्याने वास येतो म्हणायची. ज्याच्या चमच्यात बी येईल त्याला त्या दिवशी भांडी घासायची सुट्टी. ती नेमकी धाकटीच्याच चमच्यात कशी यायची, देव जाणे. योजनेच्या बाईंनी आधी नाक मुरडलं, पण गिऱ्हाइकांना मौज वाटायला लागली. मग बाटलीवर ओळच आली: 'बी सापडली? मग जॅम आमच्याच झाडांचा!'

आमच्या कुंपणापलीकडे काकू राहते. नात्याची नाही, पण तिच्या हातचं खाऊन आम्ही दोघी वाढलो. योजना आली त्या वर्षी ती जर्दाळूची झाडं तोडायला निघाली होती. तिथे लवकर वाढणारं लाकूड लावणार होती. मी करवतवाल्याला चहा पाजून परत पाठवला आणि काकूला म्हटलं, थांब, आता तुझं फळ कुजणार नाही, माझा शब्द. ती म्हणाली, तू म्हणतेस तर थांबते.

या मोसमात धाकटीने निम्म्याहून जास्त फळ परत पाठवलं. आधीचाच माल पडून आहे, सरकारी दुकानं उचलत नाहीत, असं तिने सांगितलं. मी विश्वास ठेवला. बहिणीवर नाही ठेवायचा तर कोणावर? काकूचं फळ झाडाखाली सडलं. धाकटी आईला म्हणाली, फळ नको, पण त्यातल्या बिया तरी गोळा करा, रोपवाटिका काढू आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना रोपं देऊ. आई आणि काकू त्या लिबलिबीत फळांत हात घालून बिया वेचत बसल्या. आई त्या धुऊन, घासून, उन्हात वाळवून गोणीत भरायची. रोपांचं ऐकून तिच्या गुडघ्यांत बळ आलं होतं. मला मात्र धाकटी प्रदर्शनामागून प्रदर्शनाला पाठवत राहिली. लोकांना तुझा चेहरा हवा, म्हणायची. मीही हुरळून गेले.

अशाच एका प्रदर्शनात, माझ्याच भल्यामोठ्या फोटोखाली उभी राहून, मी लोकांना चमच्याने जॅम चाखायला देत होते. एका आजोबांच्या चमच्यात बी आली. ते खूश झाले, पुसून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, घ्या, तुमच्या झाडाची.

मी ती बोटांत फिरवून पाहिली. फळाबरोबर शिजलेली बी काळपट होते, तिच्या शिवणीत गराचे तंतू अडकून राहतात, कितीही पुसा. ही बी बटणासारखी स्वच्छ होती. मी दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. सगळ्यांत तशाच. ते घासणं मी ओळखते. ते माझ्या आईचं.

मिळेल त्या गाडीने परतले आणि घरी न जाता सरळ शेडवर गेले. मागच्या भिंतीशी निळे ड्रम छतापर्यंत रचलेले होते. परमुलखातून आलेला जर्दाळूचा तयार गर. त्यात साखर घालायची, ढवळायचं, भरायचं आणि वरून आईने घासलेली एकेक बी टाकायची.

धाकटी दचकलीसुद्धा नाही. योजनेला बाटल्या वाढवून हव्या होत्या, गर फळापेक्षा स्वस्त पडतो, शेड बंद पडली असती तर कोणाचं भलं झालं असतं, हे सगळं तिने मला समजावून सांगितलं, जणू मीच काहीतरी बिघडवलं होतं. मी विचारलं, आणि रोपं?

"करू की कधीतरी," ती म्हणाली. "आणि ताई, बी तर आपलीच आहे ना?"

मी योजनेच्या बाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की बाटलीत स्थानिक शेतमालाचा एखादा घटक असला म्हणजे शिक्का चालतो. बी हा घटक आहे. त्यांनी ते वरिष्ठांना विचारून घेतलं होतं. म्हणजे यांनाही माहीत होतं. निघताना त्या हसून म्हणाल्या, तुमचा फोटो फार बोलका आहे हो.

केसाने गळा कापला माझा, आणि तोही सख्ख्या बहिणीने. घरी आले तर आई अंगणात बिया घासत होती. मी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि सगळं सांगितलं. ती ओले हात पदराला पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली.

काकूला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी तशीच कुंपण ओलांडून गेले. तिच्या दारात करवतवाला दोरी सोडत बसला होता. मी उभ्या उभ्या सांगायला लागले. ड्रम, गर, धाकटी. काकूने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"ड्रमच्या गाड्या माझ्याच दारावरून जातात," ती म्हणाली. "मोसम सुरू झाल्यापासून बघतेय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

काकूने आधी करवतवाल्याला पहिलं झाड दाखवलं. मग माझ्याकडे वळली.

"गाडीवर तुझाच फोटो होता, पोरी. तुला काय सांगायचं?"